एक लिटर साडेतीनशे: न जेवणाऱ्या मुलाचे एक प्रकरण

सिंहगड रस्त्याच्या परिसरात राहणाऱ्या एका कुटुंबातील सव्वादोन वर्षांच्या मुलाचे हे प्रकरण आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील येथे टाळले आहेत. घरातील सर्वांची तक्रार एकमुखी होती: मुलगा जेवत नाही. दोन घास गेले की तो तोंड घट्ट मिटतो, पोळीचा तुकडा चघळून थुंकून टाकतो, भाजी दिसली की ताट ढकलतो. मेतकूट-भात तेवढा कधीमधी चालतो, तोही मोबाइलवर गाणी सुरू असतील तरच. ‘नुसत्या हवेवर जगतोय हा,’ असे आजींचे म्हणणे होते.

वडील हिंजवडीतील एका कंपनीत, तर आई शहरातील एका बँकेत नोकरीला आहेत. वडिलांची आई नातवासाठी सातारा जिल्ह्यातून पुण्यात येऊन राहिली आहे. गुडघेदुखीमुळे आजींना दिवसभर मुलामागे धावणे झेपत नाही, म्हणून दुपारी एकपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत मुलगा सोसायटीजवळच्या पाळणाघरात असतो. वडील, आई, आजी आणि पाळणाघरातील ताई अशा चार जणांच्या हाती तो दिवसभरात आळीपाळीने असतो. ही मांडणी पुण्यातील नोकरदार घरांना अजिबात नवीन नाही आणि तिच्यात दोष काढण्यासारखेही काही नाही. पण पुढे जे घडले ते या मांडणीशिवाय समजणार नाही, म्हणून तिची नोंद आधीच केलेली बरी.

आहारतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे हे कुटुंब बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीसह आले. तोपर्यंत घरात आठ-नऊ महिने निरनिराळी निदाने होऊन गेली होती. प्रथम दाढा येत असल्याचे कारण सांगण्यात आले. नंतर जंतांचे औषध देण्यात आले. त्यात गैर काही नव्हते, पण भूक त्याने वाढली नाही. आजींनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. वडिलांनी औषधाच्या दुकानातून, कोणाला न विचारता, भूक वाढवणारे सिरप आणले. त्याने मुलगा आठवडाभर दुपारी अधिक झोपला, इतकाच फरक पडला. आईचा समज सर्वांत वेदनादायक होता. मुलगा सहा महिन्यांचा झाल्यावर, बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपताच आपण कामावर रुजू झालो आणि म्हणूनच त्याला जेवणाची गोडी लागली नाही, असे तिने मनाशी पक्के केले होते.

दरम्यान आणखी एक गोष्ट घडत होती आणि तिचे कौतुक चालले होते. मुलाचा रंग उजळत होता. ‘बाळसं धरलंय, गोराही झालाय,’ असे सोसायटीतल्या बायका म्हणत. फिकेपणाला गोरेपणा समजणे ही आपल्या घरांतील फार जुनी चूक आहे, आणि ती चूक कोणी दुरुस्त करत नाही याचे कारण उघड आहे: ती ऐकायला गोड लागते.

तपासणीत काय आढळले

मुलाचे वजन १२ किलो ४०० ग्रॅम भरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या आलेखावर ते मधल्या रेषेच्या किंचित खाली, म्हणजे अगदी योग्य जागी होते. जो मुलगा काहीच खात नाही असे चार प्रौढ माणसे सांगत होती, त्याचे वजन योग्य कसे, हा प्रश्न येथेच पडायला हवा होता. घरच्यांनी तो ‘देवाची कृपा’ म्हणून सोडवला होता. डॉक्टरांनी मात्र त्याच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, तळहात स्वतःच्या तळहाताशेजारी ठेवून पाहिले आणि विचारले, ‘अन्न सोडून दुसरं काही तोंडात घालतो का?’

उत्तर आजींनी दिले. गॅलरीतील कुंड्यांमधली माती तो खातो आणि भिंतीला ओल आलेल्या जागेचे पोपडे काढून चाटतो. घरात याला खोडकरपणा समजून कुंड्या वर ठेवल्या होत्या. माती, खडू, चुना अशा वस्तू खाण्याची ओढ हे लहान मुलांत लोहाच्या कमतरतेचे नेहमीचे लक्षण आहे. चिडचिड, रात्री वारंवार उठणे आणि भूक मंदावणे हीदेखील तशीच लक्षणे. म्हणजे मूल जेवत नाही म्हणून लोह कमी पडते, आणि लोह कमी पडले म्हणून मूल आणखीनच जेवेनासे होते.

रक्तचाचणीत हिमोग्लोबिन ७.६ आले. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत ते किमान ११ असावे लागते. ७ ते ९.९ या टप्प्याला मध्यम स्वरूपाचा रक्तक्षय म्हणतात. लाल पेशींचा आकार दाखवणारा एमसीव्ही ५८ होता, म्हणजे पेशी बऱ्याच लहान होत्या. लहान पेशी थॅलेसेमियाच्या वाहकांमध्येही आढळतात, म्हणून डॉक्टरांनी एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने भागून पाहिले. भागाकार सुमारे १४ आला. तो १३ पेक्षा जास्त असेल तर कल लोहाच्या कमतरतेकडे, कमी असेल तर थॅलेसेमियाकडे, असा ढोबळ ठोकताळा आहे. शरीरातील लोहाचा साठा सांगणारे फेरिटिन ५ निघाले आणि शंका उरली नाही. लहान मुलांत १२ च्या खालचे फेरिटिन म्हणजे साठा जवळजवळ रिकामा.

हे ऐकताच आई रडू लागली. तिला सांगावे लागले की २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६९ टक्के मुलांना रक्तक्षय आहे. हा आकडा दिलासा देणारा नक्कीच नाही, पण हे केवळ एका नोकरी करणाऱ्या आईच्या घरात घडलेले नाही, एवढे त्यातून कळते.

फ्रिजवरचा कागद

मुलगा दिवसाला किती दूध पितो, असे विचारल्यावर चौघांची चार उत्तरे आली. वडील म्हणाले, दोन बाटल्या. आई म्हणाली, तीन असतील. आजी म्हणाल्या, ‘मी एकच देते, तीही जेवला नाही तर.’ पाळणाघरातील ताईंनी फोनवर सांगितले की डब्यासोबत येते तेवढीच. कोणीही खोटे बोलत नव्हते. प्रत्येकजण स्वतःच्या हाताने दिलेली बाटली मोजत होता आणि दुसऱ्याची अंदाजाने धरत होता.

म्हणून काहीही न बदलता, कोणालाही न टोकता, फक्त नोंद ठेवण्याचे ठरले. फ्रिजवर एक कोरा कागद लावला, त्याला दोऱ्याने पेन्सिल बांधली आणि जो बाटली देईल त्याने वेळ व मिलिलिटर लिहायचे. पाळणाघरातील आकडा घेऊन येण्याचे काम आईकडे होते.

पहिल्या पूर्ण दिवसाची नोंद अशी निघाली. पहाटे सहाला वडिलांनी २४० मिलिलिटर, सव्वाआठला कामावर निघताना आईने १५०, साडेअकराला पोळी नाकारल्यावर आजींनी २००, चारला झोपेतून उठल्यावर पाळणाघरात २००, सव्वासातला घरी परतल्यावर आईने २००, रात्री दहाला झोपवताना २४० आणि पहाटे तीनला रडल्यावर १२०. बेरीज एक लिटर ३५० मिलिलिटर. प्रत्येक बाटलीत एक चमचा साखर होती, ती वेगळीच.

पिशवीतील गाईच्या दुधाच्या १०० मिलिलिटरमधून साधारण ६५ कॅलरी मिळतात. साखर धरून मुलाच्या पोटात केवळ दुधावाटे हजारभर कॅलरी जात होत्या आणि या वयाच्या मुलाची दिवसाची गरजच सुमारे ११०० कॅलरींची असते. हवेवर जगणाऱ्या मुलाचे वजन आलेखावर नीट का चालले होते, त्याचा उलगडा येथे झाला. त्याच दुधात लोह किती होते? एका लिटरमागे फार तर अर्धा मिलिग्रॅम. दिवसाची शिफारस आहे सुमारे ८ मिलिग्रॅमची. त्यातही दुधातील कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन इतर अन्नातले लोह शोषले जाण्यात आडकाठी आणतात, त्यामुळे मेतकूट-भातातून जे थोडेफार मिळत होते तेही पुरते पदरात पडत नव्हते. नाचणीचे सत्त्व घरात नियमित होते. पण तेही दुधात शिजवलेले आणि बाटलीतून दिलेले.

मला या कागदावरील बेरजेपेक्षा त्यातील प्रत्येक बाटलीचे कारण महत्त्वाचे वाटते, कारण नुसते ‘दूध कमी करा’ म्हणून हात झटकणारा सल्ला या घराला पूर्वीही एकदा मिळाला होता आणि चार दिवसांत हवेत विरला होता. पहाटे सहाची बाटली दिली की वडिलांना तासभर झोप मिळते. रात्री अकरापर्यंत त्यांचे कॉल चालतात. साडेअकराची बाटली म्हणजे आजींची हार होती: गरम पोळी-भाजी घेऊन पाऊण तास मागे फिरल्यावर ‘लेकराला उपाशी कसं ठेवू?’ या प्रश्नाला त्यांच्याकडे दुसरे उत्तर नव्हते. पाळणाघरातील ताई बाटली संपवतच, कारण उरलेले दूध परत गेले की पालक विचारणा करतात. सव्वासातच्या बाटलीबद्दल आईने जे सांगितले ते मी त्यांच्याच शब्दांत देते: ‘तेवढी वीस मिनिटंच तो माझ्या मांडीवर शांत असतो. जेवण भरवायला गेले की भांडणच होतं.’

आजी लाडावून ठेवतात, हे अशा प्रकरणात सर्वांत आधी सुचणारे आणि बहुतेक वेळा अन्यायाचे स्पष्टीकरण आहे. या घरात दिवसाकाठी ताजे, घरचे, चावून खाण्याजोगे अन्न मुलासमोर नेमाने मांडणारी व्यक्ती आजीच होत्या. त्यांच्या वाटणीला सातपैकी एक बाटली आली होती. बाकीच्या सहा थकव्याच्या, घाईच्या आणि अपराधभावनेच्या होत्या. कागद पाहिल्यावर हे कोणी बोलून दाखवले नाही, पण सुनेने त्या संध्याकाळी ‘आई, सकाळची बाटली तुम्ही नका देऊ, मी संध्याकाळची बंद करते’ असे म्हटले, असे आजींनी नंतर मला सांगितले.

दुसरी एक समजूत दूर करणे गरजेचे होते. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्मवजनाच्या तिप्पट होते. तीन किलोचे बाळ नऊ किलोंचे होते. दुसऱ्या वर्षात मात्र ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढते. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावते, हे शरीराला बरोबर कळते. घरच्यांना ते आजारपण वाटते आणि तेथूनच बाटली, मोबाइल व मागे धावणे यांची सुरुवात होते.

बदल कसा केला

डॉक्टरांनी लोहाचे औषध दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम या हिशेबाने, म्हणजे सुमारे ३७ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा सुरू केले. हे प्रमाण याच मुलाच्या वजनाला आणि अहवालाला धरून आहे; बाजारात थेंब आणि सिरप निरनिराळ्या तीव्रतेचे मिळतात, त्यामुळे एका घरातील चमचा दुसऱ्या घरात चालत नाही. औषध दुधापासून दोन तास दूर ठेवायचे, लिंबाच्या सरबतासोबत दिले तर उत्तम, आणि दातांवर डाग पडू नयेत म्हणून ते जिभेच्या मागच्या बाजूला सोडून वर पाणी पाजायचे, असे ठरले. शी काळी होईल हे आधीच सांगून ठेवले, तरी आजींचा घाबरलेला फोन आलाच. औषधाची बाटली कुलुपाच्या कपाटात ठेवण्याची सूचना मात्र मी दोनदा केली. लोहाचे गोड सिरप मुलाने एकदम पिऊन टाकले तर ती गंभीर विषबाधा ठरते.

दुधाची मर्यादा दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर ठरवली. सातही बाटल्या एका दिवसात बंद केल्या नाहीत. आधी दिवसाच्या गेल्या. सकाळी आणि संध्याकाळी दूध मिळेल, पण बाटलीतून नाही. येथे आजींनी सुचवलेला उपाय सर्वांत उपयोगी ठरला: त्यांनी कपाटातून लहान स्टीलचे फुलपात्र काढले, त्यावर मुलाचे नाव घालून आणले आणि ‘हे तुझं, आता तू मोठा झालास’ म्हणून त्याच्या हाती दिले. फुलपात्रात जेमतेम दीडशे मिलिलिटर दूध मावते आणि त्यातून पिताना मुलाला बसावे लागते, लक्ष द्यावे लागते. झोपेत ढोसता येत नाही. सांडलवंड पुष्कळ झाली.

रात्री दहाची बाटली हे खरे दुखणे होते. तिच्यामुळे वरच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसू लागले होते. दूध तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांत हे दात आधी किडतात. ती बाटली बंद केल्यावर तीन-चार रात्री मुलगा पाऊण-पाऊण तास रडला. शेजाऱ्यांनी विचारपूस केली. वडिलांनी त्या रात्री त्याला खांद्यावर घेऊन गॅलरीत फेऱ्या मारल्या. पहाटे तीनला फक्त पाणी द्यायचे ठरले आणि आठवड्याच्या अखेरीस मुलगा त्या वेळी उठणेच बंद झाला.

जेवणाचा नियम एकाच वाक्याचा होता: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचे, किती हे मुलाने. अडीच-तीन तासांच्या अंतराने पाच वेळा खाणे, जमिनीवर सर्वांसोबत बसून, मोबाइल बंद, वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचलायचे. न खाल्ल्यास पुढच्या वेळेपर्यंत पाणी, दूध नाही. हा शेवटचा भाग आजींना क्रूर वाटला आणि त्यांनी तो पहिले काही दिवस पाळला नाही. हळूच अर्धा केळ्याचा तुकडा देत. केळे हे दूध नव्हे, म्हणून मी त्यावर हरकत घेतली नाही.

पदार्थ निवडताना वेगळे काही आणावे लागले नाही. वरण-भातावर लिंबू पिळणे ही आपली सवय लोहाच्या दृष्टीने फार कामाची आहे, कारण लिंबातील क जीवनसत्त्व डाळीतले लोह शोषायला मदत करते. मुगाचे धिरडे, मेथी घातलेले भाजणीचे थालीपीठ, शेंगदाण्याचे कूट घातलेली भाकरी, पेरूची फोड, हिवाळा असल्याने हळिवाचा छोटा लाडू. नाचणी आता दुधाऐवजी पाण्यात शिजवून, ताकासोबत. गुळाने रक्त वाढते या समजुतीला मी फारसे महत्त्व दिले नाही. दोन चमचे गुळातून मिळणारे लोह नगण्य असते आणि दात किडलेल्या मुलाला तो हवाही नसतो. दुपारच्या चहात बुडवून दिली जाणारी खारी बंद केली, कारण चहातील टॅनिन लोहाला अडवते. अंड्यावर थोडी चर्चा झाली. आजी शाकाहारी आहेत आणि त्यांच्या स्वयंपाकघरात अंडे शिजत नाही. वडिलांनी गॅलरीत छोटी शेगडी आणि वेगळा तवा ठेवून एक दिवसाआड सकाळी अंडे करण्याची जबाबदारी घेतली. त्यामुळे पहाटेची झोप गेली, हे त्यांनी पुढच्या भेटीत तक्रारीच्या सुरात नमूद केले.

पुढील तीन महिने

माती आणि भिंतीचे पोपडे खाणे दोन आठवड्यांच्या आतच थांबले. हिमोग्लोबिन वाढण्याआधीच ही ओढ ओसरते, असे बऱ्याच मुलांत दिसते. चिडचिडही कमी झाली.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन ९.३ झाले. महिन्याभरात किमान १ ने वाढ झाली तर निदान बरोबर होते आणि औषध पोटात जात आहे, असे समजतात. येथे वाढ १.७ ची होती. पण त्याच दिवशी काट्यावर वजन १२ किलो १०० ग्रॅम दिसले आणि घरात हाहाकार उडाला. ‘दूध तोडलं म्हणून पोर वाळलं,’ असे आजी म्हणाल्या आणि या वेळी वडीलही त्यांच्या बाजूने होते. तीनशे ग्रॅमची ही घट अपेक्षित होती: दिवसाला जवळपास हजार कॅलरी पुरवणारा एक मार्ग निम्म्याहून अधिक बंद झाला होता आणि ताटातून तेवढे खाण्याची सवय अजून लागायची होती. आलेख समोर ठेवून हे समजावले, तरी मला नाही वाटत की त्या दिवशी कोणाचे समाधान झाले. कुटुंबाने ठरलेले चालू ठेवले, ते बहुधा हिमोग्लोबिनच्या आकड्याकडे पाहून.

सहाव्या आठवड्यात सर्दी-तापाने मुलगा आजारी पडला आणि बाटली परत आली. आजारपणात मुलाला पातळ पदार्थच हवे असतात, त्यामुळे यात अनपेक्षित काही नव्हते. पण ताप उतरल्यावरही ती रेंगाळली. फ्रिजवरच्या कागदावर पुन्हा ७०० च्या घरातील आकडे दिसू लागले. यावेळी फरक एवढाच की आकडा सर्वांना एकाच वेळी दिसत होता. आईने पाळणाघरात सांगितले, वडिलांनी बाटल्या एका पिशवीत भरून माळ्यावर टाकल्या आणि चार-पाच दिवसांत गाडी रुळावर आली.

दहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन ११.४ आणि वजन १२ किलो ६०० ग्रॅम झाले. मुलगा आता वरण-भात, धिरडे, अंडे आणि थालीपीठ खातो. पालेभाजी स्वतंत्र दिली तर आजही हात लावत नाही आणि पाहुणे आले की जेवताना हटकून उठून पळतो. या वयात यापेक्षा अधिक शिस्तीची अपेक्षा मी ठेवत नाही. आईची संध्याकाळची वीस मिनिटे आता पुस्तकातील प्राणी दाखवण्यात जातात. ती सुरुवातीला जितकी अवघड वाटली तितकी ठरली नाहीत, असे त्यांचे म्हणणे आहे.

हिमोग्लोबिन सामान्य झाले तरी औषध थांबवलेले नाही. रिकामा झालेला साठा भरून निघण्यासाठी ते आणखी दोन ते तीन महिने चालू राहील आणि त्यानंतर फेरिटिन पुन्हा तपासले जाईल. ते समाधानकारक आले की उपचाराचे प्रमाण बंद होईल. मात्र ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोह व फॉलिक ॲसिडचे जे सिरप दिले जाते, त्या वयोगटात हा मुलगा अजून अडीच वर्षे राहणार आहे, आणि ते केव्हा सुरू करायचे हे त्या अहवालानंतर डॉक्टर ठरवतील. दातांच्या डॉक्टरांची भेट पुढील आठवड्यात ठरली आहे.